आधी रेघ, मग अक्षरं

विश्वंभर माढेकरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. बाकी सगळ्यांना दिलं होतं. विमा कंपनीच्या छापील पत्रांना दिलं होतं. चुकून त्यांच्या पत्त्यावर आलेल्या एका लग्नपत्रिकेलाही ‘आपण समजता तो मी नव्हे, तरी वधूवरांस आशीर्वाद’ असं त्यांनी कळवलं होतं. ते एक पत्र मात्र एक्केचाळीस वर्षं जाडजूड शब्दकोशात, ‘ठ’च्या पानांत पडून होतं. अकरा ओळी, निळी शाई, खाली सही आणि वरंगळचा पत्ता.

आज ते पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं आणि ते बसच्या खिडकीशी बसून सोलापूरच्या हस्तलेखन केंद्राकडे निघाले होते.

माणसांनी हातानं लिहिणं सोडून बरीच वर्षं झाली होती. माणूस बोले, यंत्र टिपून घेई. शाळांतून कित्ते गेले, मग पाट्या गेल्या, शेवटी पेन्सिली गेल्या. तिशीच्या आतल्या माणसाला सही करायला सांगितली तर तो अंगठा पुढे करी, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. टपालपेट्या अजून होत्या, पण आठवड्यातून एकदाच उघडत. रोजच्या कामात हातानं लिहिणारी शेवटची पिढी सत्तरीला टेकली, तेव्हा सरकारला जाग आली आणि तिचे नमुने जमवायला गावोगावी केंद्रं निघाली. सोलापूरचं केंद्र एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागेत होतं. माढेकरांनी तीस वर्षं लिपी सर्वेक्षणात काढली होती, म्हणून केंद्र त्यांना अधूनमधून सल्ल्यासाठी बोलावी. आपल्या सल्ल्यानं कुणाचं काही अडत नाही, अशी त्यांची खात्री होती, तरी ते जात.

वाटेत त्यांची जुनी सवय चालूच होती. दुकानांच्या पाट्या अजून रंगवलेल्या असत, शोभेसाठी. एका चादरीच्या दुकानावर मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही लिप्यांत नाव होतं. कन्नड आणि तेलुगू अक्षरं जुळ्या भावांसारखी. त्यातल्या तेलुगू भावाच्या डोक्यावर मास्तरांनी ‘बरोबर’ची खूण करून ठेवलेली. ‘ठ’ तर तिघांतही गोलच. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरला तेव्हाही गोल आणि आज चादरीच्या दुकानावरही गोल. पुढे एका चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत होते. ते पाहून माढेकरांना हटकून मोडी आठवे. आधी आडवी दोरी, मग तिला लोंबणारे सदरे, टॉवेल, परकर. मोडी अशीच लिहीत. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची, मग एकेक अक्षर तिला टांगायचं.

हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना रोज वाटे, आणि ऐकणारा कंटाळेल म्हणून ते सांगत नसत. एकेकाळी कुणीतरी रोज सकाळी आपणहून विचारायचं, “आज काय दिसलं?” त्यानंतर कुणी विचारलं नव्हतं.

“या सर, या! आज अगदी छातीवर हात ठेवून आलात. दुखतंय की काय?” डॉ. रेहाना बागवान दारातच भेटल्या. चाळिशीच्या, भरभर चालणाऱ्या, त्याहून भरभर बोलणाऱ्या.

“नाही, नाही. खिशात एक कागद आहे.” माढेकर घुटमळले. “तुम्हाला वेळ असेल तरच. नसेल तर राहू द्या. तसं काही महत्त्वाचं नाही.”

“तुम्ही ‘महत्त्वाचं नाही’ म्हणालात म्हणजे फारच महत्त्वाचं असणार. बसा.”

टेबलावर ‘चालदर्शक’ होतं. शिवणयंत्राएवढं करडं खोकं आणि त्याखाली काचेची पाटी. माढेकरांनी ते चालताना पाहिलं होतं, पण आत काय घडतं ते विचारायचा धीर त्यांना कधी झाला नव्हता. आज झाला.

“हे यंत्र खात्रीनं नेमकं काय सांगतं?”

“लिहिण्यात दोन गोष्टी असतात, सर. एक रेषा आणि एक चाल. रेषा आपल्याला दिसते. चाल म्हणजे हात कुठून कुठं गेला, आधी काय काढलं, नंतर काय. ती दिसत नाही, पण कागद ती विसरत नाही. दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे कुठली शाई वर आहे हे कळतं. आणि पेनाचं टोक ज्या दिशेनं जातं, त्या दिशेला कागदाचे तंतू निजतात.”

“वाऱ्यानं ज्वारी निजते तसे.”

“झकास! आता मी सगळ्यांना हेच सांगणार.” रेहाना हसल्या. “माझंच बघा. घरी मी आधी उर्दू शिकले, मराठी नंतर शाळेत. माझं मराठी अक्षर बघून तुम्हाला कळणार नाही. पण शब्द लिहून झाला की वरची रेघ मी उजवीकडून डावीकडे ओढते. हाताला तीच दिशा ओळखीची. यंत्राला ते एका शब्दात कळतं.”

“म्हणजे बोलण्याला हेल असतो, तसा हातालाही.”

“तसंच. आणि यातली खरी मेख अशी, की रेषेची नक्कल नुसत्या कागदावरून करता येते. चालीची नाही. आई हात धरून गिरवून घेते ना, तेव्हा मूल चाल शिकतं. नंतरच्या आयुष्यात शिकायची असेल, तर कुणाचा तरी हात लिहिताना बघावा लागतो. नुसतं लिहिलेलं बघून भागत नाही.”

माढेकरांनी खिशातून पत्र काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

“या पत्राखाली ज्या नावाची सही आहे त्याच व्यक्तीनं ते लिहिलंय की दुसऱ्या कुणी, एवढंच कळायला हवं होतं.”

रेहानांनी वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. पत्रात लिहिलं होतं, की सर्वेक्षणातलं माझं काम संपलं, शनिवारी दुपारची माझी गाडी आहे. ‘तुमच्या समोरच्या खुर्चीत मी तीन वर्षं काढली. पुढचीही तिथेच काढावी असं वाटतं. आपलं मत कळवावं. उत्तर आलं तर तिकीट रद्द करीन. नाही आलं तर वाईट वाटून घेणार नाही. पत्ता खाली दिला आहे.’ आणि सही, राजमणी आडेपू.

“सर,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही उत्तर दिलं नाहीत?”

“अक्षर बघा.”

रेहानांनी पुन्हा पाहिलं. जरासा वाकडा ‘ळ’, पोट सुटलेला ‘ठ’, ओळभर सलग धावणारी वरची रेघ. “हे तर तुमचं अक्षर आहे!”

“म्हणूनच नाही दिलं.”

मग त्यांनी सांगितलं. इतकं सलग ते कितीतरी वर्षांत बोलले नव्हते. सर्वेक्षणाच्या कचेरीत सूचीची कार्डं हातानं लिहीत, आणि सगळ्यांनी माढेकरांच्या वळणाचा कित्ता गिरवावा असा साहेबांचा हुकूम होता. त्यांची कार्डं नमुना म्हणून प्रत्येक टेबलावर ठेवलेली असत. फारसी कागद वाचणारे अब्बास जहागीरदार हे कचेरीतले वल्ली. त्यांनी एकदा माढेकरांच्या हुबेहूब अक्षरात फलकावर सूचना लावली, ‘सोमवारपासून सर्व कर्मचाऱ्यांनी एकमेकांशी फक्त मोडीत बोलावे. आज्ञेवरून, वि. माढेकर.’ पुढे महिनाभर जो तो त्यांना विचारी, “माढेकर, मोडीत चहा कसा मागायचा हो?” सगळे हसत. तेही हसत. घरी जाऊन मात्र त्यांना जेवण जात नसे.

“आणि या राजमणीबाई?”

“तेलुगू ताडपत्रं वाचायला वरंगळहून आल्या होत्या. मराठी छान बोलायच्या, पण लिहायच्या नाहीत. निदान लिहिताना मी पाहिलं नव्हतं. नोंदी तेलुगूत करायच्या. त्या जायच्या आठवड्यात हे पत्र घरी आलं. माझ्याच अक्षरात. मला वाटलं, जहागीरदारांनी पुन्हा...” ते थांबले. “मी शनिवारी घराबाहेर पडलो नाही. सोमवारी खुर्ची रिकामी होती.”

“पण त्यांनाच विचारायचं ना!”

“विचारलं असतं, आणि त्या म्हणाल्या असत्या, ‘कसलं पत्र?’ तर मी काय केलं असतं?”

“मग जहागीरदारांना तरी?”

“ते गेले बारा वर्षांपूर्वी. त्यांनाही नाही विचारलं. फार प्रेमळ माणूस होता तसा.”

रेहानांनी पत्र काचेवर अलगद पसरलं. यंत्र गुणगुणू लागलं. पडद्यावर एकेक ओळ भिंगाखाली आल्यासारखी फुगून दिसू लागली, आणि अक्षरांवर बारीक बाण उमटत गेले. मग रेहानांनी मान खाली घातली.

“सर, वरची रेघ उजवीकडून डावीकडे आहे. अकराच्या अकरा ओळींत. माझ्यासारखी.”

“म्हणजे उर्दू-फारसीचा हात.”

“हं. तसंच दिसतंय.”

माढेकरांनी मान हलवली. एक्केचाळीस वर्षांचा संशय खरा ठरला म्हणजे माणूस बरोबर ठरला. आपण मूर्ख नव्हतो, आपण काही गमावलं नव्हतं, कारण गमावण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात खिशातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं. शंका होती तोवर निदान निम्मं पत्र तरी राजमणीचं होतं.

“बरं झालं,” ते म्हणाले. “फार उपकार झाले. तुमचा वेळ घेतला.”

“थांबा हो, उठताय कुठं?” रेहाना पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. “यात काहीतरी बसत नाहीये. छेद बघा. रेघेची शाई खाली आहे आणि अक्षरांची वर. म्हणजे आधी रेघ ओढली आणि मग अक्षरं लिहिली. असं कोण लिहितं? मी उजवीकडून ओढत असले तरी रेघ शेवटीच देते. शाळेत सगळ्यांना तसंच शिकवत.”

“मी तसं लिहितो,” माढेकर म्हणाले. “वडील मोडी वाचणारे होते. त्यांनी मला हात धरून मोडीच आधी शिकवली. त्यामुळे मी देवनागरीतसुद्धा ओळभर रेघ आधी ओढतो.”

“हे तुमच्या कार्डावरून कळतं?”

“रेघ सलग आहे एवढं दिसतं. आधी ओढली की नंतर, ते कसं दिसणार?”

“मग जहागीरदारांना ते कसं कळलं? त्यांनी तुम्हाला लिहिताना पाहिलं होतं?”

“नाही. त्यांचं टेबल दुसऱ्या खोलीत. आणि कुणी मागे येऊन उभं राहिलं की माझा हातच चालत नसे.”

रेहाना खुर्चीत मागे रेलल्या. “मग हा जहागीरदारांचा हात नाही. त्यांनी कार्डं बघून सलग रेघ काढली असती, पण शेवटी काढली असती. चाल कागदावरून चोरता येत नाही. आणि हा हात तुमचाही नाही, कारण तुम्ही डावीकडून उजवीकडे ओढता. क्रम तुमचा आणि दिशा माझी. असा माणूस असणार तरी कुठला?”

माढेकरांच्या मनात एक भलताच विचार येऊन गेला. एकट्यानं राहता राहता आपणच कधी स्वतःला हे पत्र लिहिलं नसेल ना? पाकिटावरचा शिक्का त्यांना स्पष्ट आठवत होता, तरीही तो विचार जाईना.

“तुमचा ताजा नमुना घेते,” रेहाना म्हणाल्या. “म्हणजे तुलना पक्की होईल. पत्रातलीच पहिली ओळ लिहा.” त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला, आणि काय चाललंय ते नीट दिसावं म्हणून टेबलाच्या पलीकडे जाऊन समोरच्या खुर्चीत बसल्या.

माढेकरांनी पेनाचं टोपण काढलं. कुणी बघत असलं की त्यांचा हात अडे, तसा आताही क्षणभर अडला. मग त्यांनी नेहमीप्रमाणे कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली.

रेहानांना हसू आलं. “काय गंमत आहे बघा. इथून पाहिलं तर तुम्हीसुद्धा आमच्यासारखंच लिहिताय. उजवीकडून...”

वाक्य अर्धंच राहिलं.

दोघांनी एकाच वेळी कागदाकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग त्या खुर्चीकडे.

“सर,” रेहाना सावकाश म्हणाल्या, “तुमच्या समोर कोण बसायचं?”

माढेकरांच्या हातातलं पेन घरंगळून कागदाच्या कडेला थांबलं. उत्तर पत्राच्या मधल्या ओळीत होतं. एक्केचाळीस वर्षं होतं.

“अक्षरांची वळणं त्यांनी कार्डावरून गिरवली,” रेहाना स्वतःशीच जुळवत बोलत होत्या. “ती सुलटी आली. पण रेघ आधी ओढायची आणि कशी ओढायची, हे कार्डात नव्हतं. ते त्यांनी तुमच्या हाताकडे बघून घेतलं. आणि समोरून बघणाऱ्याला तुमचं डावं ते उजवं. तीन वर्षं बघत होत्या, सर.”

“मला कुणी बघत असलं की लिहिता येत नाही,” माढेकर कसेबसे म्हणाले. “तेव्हा तर यायचं. मला कधी कळलंच नाही.”

खिडकीबाहेर गिरणीच्या आवारात कुणीतरी चादरी झटकत होतं. रेहानांनी विचारलं, “शोधू? नमुनाकोशात देशभरचे सव्वादोन लाख हात आहेत. देवनागरी लिहिणारा, ओळभर रेघ आधी ओढणारा, तीही उजवीकडून. असे दोन हात असतील असं मला वाटत नाही.”

नको म्हणायची सवय जिभेवर आली होती. ती तशीच गिळून माढेकरांनी मान हलवली.

यंत्राला फार वेळ लागला नाही. एकच नमुना निघाला. वरंगळशेजारचं हनमकोंडा केंद्र, गेला फेब्रुवारी, स्त्री, वय एकोणसत्तर. नाव झाकलेलं. मूळ लिपी तेलुगू, दुसरी देवनागरी. दुसऱ्या लिपीत कुठलीही दोन वाक्यं लिहावीत असा नियम होता, त्याप्रमाणे लिहिलेलं होतं, ‘मराठी लिहून फार वर्षं झाली. चुका असतील तर माफ करावं.’ सही नव्हती. पण ‘ठ’चं पोट तसंच सुटलेलं, आणि रेघ पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सलग.

खाली अर्जातले रकाने होते. ‘ही लिपी कशी शिकलात?’ या प्रश्नापुढे शाळा, घर, पुस्तक, इतर असे पर्याय छापले होते. तिथे एकाही पर्यायावर खूण नव्हती. तशाच एका रेघेखाली दोनच शब्द टांगलेले होते.

‘समोर बसून.’

माढेकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शब्द तेच होते.

“नाव उघड करायला मला परवानगी नाही,” रेहाना म्हणाल्या, “पण निरोप पोचवता येतो. इथे नुसतं बोला, दोन मिनिटांत हनमकोंड्याला वाजेल. लगेच बोला, सर. आणखी किती उशीर करणार?”

“नाही. त्यांनी पत्र लिहिलंय. उत्तरही पत्रानंच जायला हवं.”

“पेटी आठवड्यातून एकदा उघडते हो!”

“आज उघडते. चार वाजता. मी नेहमी बघतो.”

“आणि तिकडून काहीच आलं नाही तर?”

“तर वाईट वाटून घेणार नाही,” माढेकर म्हणाले, आणि आपण कुणाचं वाक्य बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

रेहाना उठल्या. चहाचं निमित्त काढून त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि माढेकर राहिले. थोड्या वेळानं ते उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि समोरच्या खुर्चीत बसले. तिथून त्यांची स्वतःची खुर्ची रिकामी दिसत होती. खांदे पाडून, कागदावर वाकून बसलेला तिशीतला एक बुजरा माणूस तिथे कसा दिसत असेल, हे त्यांनी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. नीटसं जमलं नाही. असल्या माणसाकडे तीन वर्षं बघत बसण्यासारखं काय होतं, ते त्यांना आताही कळेना. पण कळेना म्हणून नाकारायचं, ही चूक एकदा करून झाली होती.

त्यांनी कागद ओढून घेतला आणि पेन उजव्या कडेला टेकवलं. हात अडखळला. बहात्तर वर्षांत तो या दिशेनं कधी गेला नव्हता. रेघ वाकडी झाली, मध्येच जाड, मध्येच तुटक, पहिल्यांदा गिरवणाऱ्या मुलाची असते तशी. ती तशीच राहू देऊन त्यांनी तिला एकेक अक्षर टांगलं.

‘श्रीमती राजमणी आडेपू यांस,

आपलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण लिहिण्यासारखं नाही. ते पत्र आपलं असेल असं मला वाटलं नाही. माझ्याशी असं कुणी बोलेल असंच वाटलं नाही. चूक माझी होती.

माझं मत आपण विचारलं होतं. ते तेव्हाही हो असंच होतं.

आता आपण कुठे, कशा, कुणाबरोबर आहात ते मला ठाऊक नाही, आणि या पत्रानं आपल्याला काही करावं लागेल असं मनात आणू नये. फक्त आज काय दिसलं ते सांगायचं राहिलं होतं. येताना एका चाळीत कपडे वाळत होते. आधी दोरी, मग कपडे, म्हणजे थेट मोडी. आणि दुपारी आणखी एक गोष्ट दिसली. माझी रेघ समोरून कशी दिसते ते. या पत्रातल्या सगळ्या रेघा तशाच ओढल्या आहेत. वाकड्या आल्या असतील तर माफ करावं.

विश्वंभर माढेकर’

पाकिटावर त्यांनी तिचं नाव घातलं, खाली ‘द्वारा हस्तलेखन केंद्र, हनमकोंडा’ असं लिहिलं आणि चहाची वाट न बघता बाहेर पडले. टपालपेटी गिरणीच्या फाटकाशी होती. लाल रंग उडालेला, तोंडाशी गंज. चारला सात मिनिटं कमी होती. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं घालून ते क्षणभर थांबले. सोडलं नाही तर अजूनही ते परत घेता आलं असतं.

मग आत, पार खाली, कागद पत्र्यावर पडल्याचा बारीक आवाज आला. पेटी रिकामी होती.